टपावरचं ओझं



आज पापड-कुरडयांचं काही सांगणार नाही, कर्जफेडीचंही नाही. आज गाडीच्या टपाबद्दल बोलायचं आहे. छोट्या चारचाकीच्या टपावर सामानासाठी जे कॅरियर बसवतात, त्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हा काय बायकांच्या कार्यक्रमाचा विषय झाला का? पण आपल्या भागातल्या आणखी काही गटांनी जुन्या गाड्या घेतल्यात, आणि त्यांतली कुणीही भेटली की पहिला प्रश्न हाच विचारते, "टपावर कॅरियर टाकू का?" आम्ही टाकलं होतं. चुकलो. मग पुन्हा टाकलं. ते सगळं आज सांगतो, चुकीसकट.

आमचा गट वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातला. गटात अकराजणी. नाचणीचे पापड, शेवया, कुरडया, थोडा मसाला असा आमचा माल. तो विकला जातो वर पाचगणीत, म्हणजे दर खेपेला पसरणीचा घाट चढायचा आणि उतरायचा. आधी आम्ही टेम्पो भाड्याने घ्यायचो. टेम्पोवाले दादा आपल्या सवडीने येणार, आणि भाडं देऊन हातात उरायचं काय, तर चहाचे पैसे. म्हणून ग्रामसंघातून कर्ज काढून एक जुनी छोटी गाडी घेतली. पाच दारांची, दुसऱ्या हाताची. चालवायला आमच्यातल्याच एक वहिनी शिकल्या. लायसन्स काढलं, पक्कं. त्यांनी पहिल्यांदा घाट चढवला त्या दिवशी आम्ही चौघी गाडीत होतो आणि वळण आलं की चौघीही श्वास धरून बसायचो. वहिनी मात्र गाणं गुणगुणत होत्या.

आता शेवया आणि कुरडया म्हणजे कसा माल? वजनाला काही नाही, पण जागा किती खातात! गाडी भरून जायची आणि वजन बघाल तर दीड पोतं गव्हाएवढंही नाही. मागची सीट पाडली तर माणसं बसायची कुठे? तेव्हा थोरल्या काकी म्हणाल्या, "अगं, टपावर टाका की. आपण जन्मभर डोक्यावर वाहिलं, गाडीला काय झालं डोक्यावर घ्यायला?" सगळ्या हसल्या, ठराव झाला, पैसे मंजूर झाले.

इथे पहिली चूक. ठरावात काय लिहिलं, तर "कॅरियर बसवणे". कसलं, केवढं, किती वजनासाठी, काही नाही. पापडाच्या पिठाला पापडखार किती तोळे लागतो यावर आम्ही तासभर वाद घालतो, आणि कॅरियरचा ठराव पाच मिनिटांत.

गेलो एका वेल्डिंगवाल्याकडे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "टपाला चार भोकं पाडू, बोल्ट मारू, आयुष्यात हालनार न्हाय." टपाला भोक म्हणजे पावसाळ्यात आत पाणी आणि पुढच्या वर्षी गंज, हे एवढं आम्हाला कळलं. पत्र्याच्या घरात राहिलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. भोकाला नाही म्हटलं. तेवढी एक गोष्ट बरोबर केली. मग तो म्हणाला, आकडे लावून बसवतो. त्याच्याकडे तयार आकडे होते, ते त्याने वाकवून, ठोकून आमच्या दाराच्या वरच्या कडेला अडकवले. लोखंडी चौकोनी पाइपचं जाळीदार कॅरियर, चारी बाजूंनी कठडा, काळा रंग. दिसायला एकदम जोरदार! आम्ही नारळ फोडला.

ते आकडे कशाचे होते हे आम्हाला पुढे कळलं. जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी आठवते का तुम्हाला? त्या गाड्यांच्या टपाच्या कडेने पाणी वाहून जायला पन्हाळीसारखी एक पट्टी असायची. जुन्या कॅरियरचे आकडे त्या पन्हाळीला धरून बसायचे, आणि घट्ट बसायचे. हल्लीच्या गाड्यांना ती पन्हाळ नसते, टप गुळगुळीत असतो. त्यांच्या कॅरियरचे पाय वेगळे असतात. दार उघडलं की वरची जी चौकट दिसते, तिच्या आकाराला बरोबर जुळणारी पट्टी आतून धरते, वर रबराची गादी बसते आणि मधला बोल्ट आवळला की दोन्ही मिळून टपाला चिमट्यात धरतात. म्हणजे पाय गाडीगणिक बदलतो. एकीचा ब्लाउज दुसरीला पिना मारून घालता येतो, पण हात वर केला की उसवतो ना, तसंच हे.

आणखी एक सांगून ठेवतो. काही गाड्यांच्या टपावर आधीपासूनच दोन लांब दांडे असतात. ते बघून वाटतं, कॅरियरची सोयच आहे. पुष्कळ छोट्या गाड्यांवर ते नुसते शोभेचे असतात, चिकटवलेले. त्यांना ओझं बांधायचं नसतं. ते भार घेणारे आहेत की नाहीत हे गाडीच्या पुस्तकात बघायचं.

हां, गाडीचं पुस्तक. ते आम्हाला गाडीबरोबर मिळालं होतं, पिशवीत तसंच होतं. कुणी उघडलं नव्हतं.

तर त्या दिवशी काय झालं ते ऐका. पाचगणीत माल उतरवला, विक्री छान झाली. तिथे एका बंद होणाऱ्या दुकानातली लोखंडी मांडणी स्वस्तात मिळत होती. आमच्या खोलीत बरण्या ठेवायला अगदी हवी तशी. आत मावेना. वहिनी म्हणाल्या, "नको, जड आहे, पुढच्या वेळी टेम्पोने नेऊ." आणि बाकीच्या सगळ्यांनी, म्हणजे आम्हीच, म्हटलं, "एवढा मोठा कठडा केलाय तो कशाला? टाका वर." चौघींनी उचलली, आडवी ठेवली, वर न विकलेल्या शेवयांचे दोन गठ्ठे, आणि नायलॉनच्या दोरीने आडवंतिडवं बांधलं. आडवं, म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत. पुढून मागे एकही दोरी नाही.

घाट उतरताना एका वळणावर माकड आडवं आलं. पसरणीच्या घाटात ते नवीन नाही. वहिनींनी ब्रेक मारला, जसा मारायला हवा तसाच. गाडी थांबली. कॅरियर नाही थांबलं. पुढचे दोन्ही आकडे कडेवरून सुटले, सगळं कॅरियर मांडणीसकट पुढे सरकलं आणि मांडणीचा पाय समोरच्या काचेवर आला. काच तडकली. एक गठ्ठा बाजूला उडून रस्त्यावर पडला. मागून एक मोटरसायकल येत होती. नवरा, बायको, आणि मध्ये लहान मूल. त्या माणसाने गाडी कशी सावरली देव जाणे. गठ्ठ्याच्या हातभर अंतरावर थांबला. मूल रडायला लागलं. त्या बाईने आमच्याकडे बघितलं. काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवया होत्या म्हणून फुटल्या. मांडणी पडली असती तर?

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. "बायकांना गाडी देऊ नये" हे वाक्य गावात आठ दिवस फिरत होतं. वहिनींच्या घरी सासऱ्यांनी किल्ली काढून घेतली. खरं तर त्या एकट्या नको म्हणत होत्या. महिनाभर गाडी उभी. आम्ही पुन्हा टेम्पोला पैसे मोजू लागलो, काचेचे पैसेही गटातून गेले. विम्याचं विचारायला गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न केला, कॅरियर बसवल्याचं कळवलं होतं का? नव्हतं.

बैठक झाली. गरम झाली. दोघी म्हणाल्या, कॅरियर भंगारात घाला. एक म्हणाली, गाडीच विका. थोरल्या काकी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून चालताना आपण झपकन वळतो का? वर मोठा हंडा आणि खाली कळशी ठेवतो का? आपल्याला ठाऊक होतं. गाडी आली आणि विसरलो." तिथून बैठकीचा सूर बदलला. चूक कुणाची हे सोडून, झालं कसं हे शोधायचं ठरलं.

आधी कॅरियर काढलं आणि आमच्याच वजनकाट्यावर ठेवलं. रिकामं कॅरियर १८ किलो! मग मांडणी ठेवली, ४१ किलो. शेवयांचे गठ्ठे धरले ९ किलो. एकूण ६८. मग बारावीतल्या आमच्या एका मुलीने गाडीचं पुस्तक इंग्रजीतून वाचून सांगितलं. टपावर जास्तीत जास्त ५० किलो. आणि त्या पन्नासात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं. म्हणजे त्या भारी दिसणाऱ्या कॅरियरने आमचे अठरा किलो आधीच खाल्ले होते, उरले फक्त ३२. मांडणी एकटीच त्याच्या पुढे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. तो तुमच्या पुस्तकात बघा. पुस्तक नसेल, तर त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. आकडाच मिळत नसेल, तर टपावर काही टाकू नका, एवढं सरळ आहे.

हा आकडा एवढा कमी का, असं वाटतं. टप बुटाखाली चेपत नाही, मग? तर प्रश्न टप चेपण्याचा नाही. ओझं वर गेलं की गाडीचा तोल वर जातो. वळणावर गाडी जास्त कलते, अचानक स्टिअरिंग फिरवलं तर उलटण्याची भीती वाढते. ब्रेक मारला की वरचं ओझं पुढे धावतं, एसटीत उभं असताना ब्रेक लागला की आपण धावतो तसं. ते सगळं त्या चार पायांनी धरायचं असतं. शिवाय वारा. ताडपत्रीच्या पुढून वारा आत शिरला की ती फुगते आणि सगळं वर उचलायला बघते.

म्हणून आता आमच्याकडे नियम एकच आहे. जड ते आत, खाली, मागच्या सीटला टेकवून. मसाल्याचे डबे, पिठाच्या पिशव्या, डाळ सगळं आत. टपावर फक्त हलका आणि जागा खाणारा माल. शेवया, कुरडया, रिकाम्या करंड्या.

दुसऱ्यांदा आम्ही साताऱ्याला गाडीच्या सामानाच्या दुकानातून आमच्या गाडीच्याच मापाचे नुसते दोन आडवे दांडे घेतले, पायांसकट. कठडा नाही, जाळी नाही. दोन्ही मिळून ६ किलो. म्हणजे मालाला ४४ किलो उरले. आम्ही वहीत ३५ लिहिले. घाट आहे, रस्ता खराब आहे, नऊ किलो आमच्या मनाची शांती.

आता बसवतानाचं बारीक सांगतो, कारण हे बसवायला मिस्तरी लागत नाही. आम्ही तिघींनी अंगणात बसवले, दीड तास लागला, आता पंचवीस मिनिटांत होतं.

आधी टप आणि दाराच्या वरची चौकट ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची. खाली मातीचा कण राहिला तर रंग खरवडतो आणि रबर सरकतं. दांडा कुठे बसवायचा याचं माप कागदावर दिलेलं असतं. टेपने दोन्ही बाजूंनी मोजायचं. एका बाजूला दोन बोटं पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे असं झालं की दांडा तिरपा, आणि तिरपा दांडा हळूहळू सैल होतो. आम्ही खडूने खूण करायचो, आता चौकटीवर रंगाचा ठिपकाच करून ठेवलाय. चारही पाय आधी हाताने अडकवायचे. मग एक पाय पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. थोडा हा, थोडा समोरचा, पुन्हा हा, असं करत. लुगड्याच्या निऱ्या खोचताना एकाच बाजूने ओढत नाही आपण, तसंच. गरजेपेक्षा जास्तही आवळायचं नाही, चौकट दबते.

आवळून झालं की दांडा धरून जोरात हलवायचा. गाडी हलली पाहिजे, दांडा नाही. दांडा जागेवर एवढासाही सरकला तर परत सोडून परत बसवा. मग चारही दारं उघडून लावून बघा. आणि कळशीभर पाणी दारावर ओता. आत थेंब आला, तर दाराचं रबर दबलंय.

बांधताना दोरी बदलली. नायलॉनची दोरी ताणते, वळणागणिक सैल होते. त्याऐवजी कप्पीचे पट्टे घेतले, ते आवळता येतात. दोन पट्टे आडवे दांड्यांना. आणि एकेक पुढून आणि मागून, गाडीच्या खालच्या टोइंगच्या कडीपर्यंत. त्या दिवशी हेच नव्हतं. बैलगाडीवर कडबा रचला की आपली माणसं चऱ्हाट पुढून मागे टाकतात, ते उगाच नाही. पट्ट्याचं मोकळं टोक फडफडू द्यायचं नाही, गाठ मारून खोचायचं. ताडपत्रीची तोंडं मागच्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ.

निघाल्यावर पहिल्या चहाला, म्हणजे वाईतच, थांबून चारही पाय आणि पट्टे हाताने तपासायचे. घाटाच्या आधी एकदा. पाचगणीहून निघताना पुन्हा. येताना माल नसला तरी दांडे तपासायचे. आणि ओझ्यासह गाडीची उंची मोजून चिठ्ठी पुढे चिकटवलीय, कारण पहिल्याच आठवड्यात आम्ही एका लॉजच्या कमानीला ताडपत्री घासली होती. डिकीचं दार वरच्या मालाला लागत नाही ना, तेही निघण्याआधी बघा. आम्ही बघितलं नव्हतं, शेवयांचा चुरा झाला. चुरा घरी खाल्ला, गोड खीर झाली.

कायद्याचंही थोडं सांगते... सांगतो म्हणजे आम्ही सगळ्या. गाडी आमची, माल आमचा. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीतून दुसऱ्याचा माल भाडं घेऊन नेता येत नाही, त्याला पिवळी पाटी लागते. शेजारच्या गटाने "आमच्या चार पेट्या टाका, शंभर रुपये देतो" म्हटलं, तेव्हा नाही म्हणावं लागलं. माल गाडीच्या बाजूने, पुढे-मागे बाहेर येऊ द्यायचा नाही, उंचीही मर्यादेत ठेवायची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी २० हजार रुपयांचा दंड लिहिलेला आहे. आमच्या दोन महिन्यांच्या नफ्यापेक्षा जास्त! गाडीत कायमचे बदल करायचे म्हटले तर ते नोंदणीशी जुळायला हवेत, म्हणून कापाकापी, वेल्डिंग टपाला नकोच. दांडे बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. यावेळी आम्ही घेतली, फाइलला आहे.

काम नसलं की दांडे काढून ठेवतो. दांडे असले की वाऱ्याची शिट्टी वाजते आणि पेट्रोलही जास्त जातं. आमच्या वहीत लिटरला दीड-दोन किलोमीटरचा फरक दिसतो.

वहिनींचं राहिलं. त्यांच्या सासऱ्यांना आम्ही काही समजवायला गेलो नाही. थोरल्या काकींनी त्यांनाच वजनकाट्याजवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, मांडणी जरा तोलून द्या, आम्हाला उचलत नाही." त्यांनी तोलली. ४१ बघितले, पुस्तकातला आकडा बघितला. त्यांच्या तरुणपणी ते उसाच्या ट्रॅक्टरवर होते, ओझं म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणाले, "हिनं नको म्हटलं होतं ना?" आम्ही हो म्हटलं. सगळ्यांसमोर. त्यांनी किल्ली काकींच्या हातात नाही दिली, वहिनींच्या हातात दिली.

त्यानंतर ठरावाच्या वहीत एक ओळ वाढवली. टपावर काय जाईल, काय जाणार नाही, हे जी गाडी चालवते तीच ठरवणार. तिच्यावर अध्यक्ष नाही, सचिव नाही, समन्वयक तर नाहीच. मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या एका ताईंच्या मुलीच्या लग्नाचं कपाट वाईहून आणायचं होतं. ताई मोठ्या, शब्द टाकलेला, आम्ही सगळ्या गप्प. वहिनींनी वजनकाट्याकडे बोट केलं. कपाट टेम्पोने आलं. ताई चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी लग्नाची पत्रिका घेऊन आल्या.

ती मांडणी आमच्या खोलीत आहे, बरण्यांनी भरलेली. दांडे तिच्या शेजारी खिळ्याला टांगलेत, पाय आणि चावी पिशवीत. ज्या गटांना बसवून बघायचे असतील त्यांनी सोमवारी दुपारी दोननंतर यावं. गाडी घेऊन या, आणि तिचं पुस्तकही.